मिठाचे खांब

माझे बाबा ड्रायव्हर होते, पण चाळीत त्यांना कोणी ड्रायव्हर म्हणून ओळखत नसे. तिथे ते सगळं बघून आलेला माणूस होते. भाईंदर पूर्वेला मिठागरांच्या कडेला आमची बैठी चाळ होती, आठ खोल्यांची, पुढे सलग ओटा. बाबांचे साहेब मूळचे मंगळूरकडचे. कारखाना मीरा रोडच्या बाजूला. वर्षातून दोन-तीनदा पाहुणे जमवून ते समुद्राच्या कडेकडेने थेट खाली मंगळूरपर्यंत जात आणि वाटेत बघण्यासारखं जे जे असेल तिथे गाडी थांबवत. गाडी पांढरी अॅम्बेसेडर, चालवणारे बाबा. आठ-दहा दिवसांनी ते परत आले की दिवेलागणीला आई बुद्धवंदना म्हणून चुलीपुढे बसायची, भाकऱ्या थापायला लागायची, आणि बाबा भिंतीला टेकून सांगायला सुरुवात करायचे. कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा आणि दक्षिणेचा समुद्र, असं आमचं जेवण असे. दाराबाहेर ओट्यावर चाळीतली माणसं येऊन बसत. शेजारच्या चंपाबेन तर हातातलं निवडायचं ताट घेऊनच यायच्या.

बाबांकडे तीन मोठ्या गोष्टी होत्या. एक, कुमट्याजवळचा किल्ला, त्यावर बत्तीस तोफा. दुसरी, होन्नावरच्या पुढे डोंगरातली गुहा. तिच्यात आपलं नाव घेतलं की ते सात वेळा परत येतं, आणि सातव्यांदा येतं ते आपल्या आवाजात नसतं. तिसरी सगळ्यात भारी. माल्प्याहून होडीने एका बेटावर जायचं, तिथे पाण्यात पुरुष-पुरुष उंचीचे खांब उभे आहेत आणि ते खांब मिठाचे आहेत.

मिठाचे खांब चाळीला काही केल्या पचत नव्हते, कारण निम्मी चाळ मिठागरात राबत होती. गणपतकाका ओट्यावरून विचारायचे, "भिकाजी, मीठ पाण्यात उभं राहतंय होय?"

"गणपतराव, तुमचं मीठ दोन महिन्यांचं," बाबा घास न थांबवता म्हणायचे. "ते हजारो वर्षांचं आहे. मीठ एवढं जुनं झालं की विरघळायचं विसरतं."

समुद्राकाठच्या डोंगरी गावाहून बसने मासे घेऊन येणारी मावशी तर पाटी खाली ठेवायच्या आधीच मला विचारायची, "तुजा बाप आला काय गो? आमचा जलम दर्यात गेला, पन आमाला न्हाय दिसला मिठाचा खांब!" मी तिच्याशी भांडायचे. शाळेतल्या निबंधातही मी ते खांब घातले होते आणि बाईंनी समासात लाल शाईने मोठं प्रश्नचिन्ह काढलं होतं. त्या प्रश्नचिन्हाचा मला जो राग आला होता, तो आज सहासष्टाव्या वर्षीही थोडासा शिल्लक आहे.

मी चौदा वर्षांची होते आणि माझा भाऊ मिलिंद दहाचा, तेव्हा साहेबांनी कारखाना पुतण्याकडे सोपवला आणि ते कायमचे गावी जायला निघाले. ते आणि बाईसाहेब विमानाने जाणार होते. गाडी मात्र मंगळूरला पोचवायची होती. साहेब बाबांना म्हणाले, "भिकाजी, रिकामी गाडी कशाला नेतोस? घरच्यांना घेऊन जा. सावकाश जा, सगळं दाखव त्यांना." डिकीत बाईसाहेबांच्या काचसामानाच्या दोन पेट्या होत्या, त्या सांभाळायच्या एवढीच अट. पुढे बाबांना कारखान्याच्या टेंपोवर ठेवून घेणार होते. म्हणजे त्या गाडीची ही शेवटचीच फेरी होती, पण हे तेव्हा आमच्या डोक्यातही आलं नाही. आम्हाला एवढंच कळलं की आपण अॅम्बेसेडरच्या मागच्या सीटवर बसून दक्षिणेला जातोय. निघायच्या दिवशी सगळी चाळ ओट्यावर उभी. चंपाबेननी थेपल्यांचा डबा खिडकीतून आत दिला. "लो, रस्ते में खाना. और भिकाजीभाई, वो नमक का एक टुकडा मेरे वास्ते लाना हां, अचार में डालूंगी." बाबा हसले. ते हसणं मला जरा बारीक वाटलं होतं, असं आता वाटतं. वरसाव्याला पोचायच्या आत मिलिंदने पहिली उलटी केली आणि प्रवास रीतसर सुरू झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किल्ल्यापाशी पोचलो. बाबांनी गाडी एका मोठ्या आंब्याखाली अशी लावली की जणू ते झाड त्यांनीच लावलं होतं. "इथे तीन वाजेपर्यंत सावली हटत नाही," ते म्हणाले. चहावाला फडकं हलवत, कानडीत या-या करत आला, "बन्नी, बन्नी, भिकाजी!" कुठल्या नळाचं पाणी गोड, कुठल्या भिंतीमागे बायकांना जाता येतं, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, हे सगळं बाबांना पाठ होतं. आमची मान ताठ झाली. गाडीवर लक्ष ठेवायला चहावाल्याला सांगून बाबा पाठीमागे हात बांधून पुढे निघाले आणि आम्ही त्यांच्या मागून. पाच मिनिटांनी आम्ही सगळे एका म्हातारीच्या अंगणात उभे होतो. तिने सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या आणि मिलिंदचा पाय त्यात होता. म्हातारी कानडीत पुष्कळ बोलली. शेवटी तिने हात करून किल्ला दाखवला, तो आमच्या बरोबर पाठीमागे होता.

"नवीन वाट केली होती मध्ये," बाबा म्हणाले. "बंद केलेली दिसते."

किल्ल्यात गुडघाभर गवत होतं, जांभ्या दगडाच्या भिंती होत्या आणि चार शेळ्या होत्या. तोफ एकही नव्हती.

"बाबा, तोफा?" मिलिंदने विचारलं.

"होत्या. नेल्या."

"कोणी?"

"सरकारने."

"बत्तीसच्या बत्तीस?"

बाबांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. "एखादी ठेवायला हवी होती," ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं वाटलं.

आई पदराने वारा घेत भिंतीच्या सावलीत उभी होती. मी मिलिंदकडे बघितलं, मिलिंदने माझ्याकडे बघितलं, आणि त्या क्षणापासून आमची टोळी तयार झाली. गाडी पुन्हा रस्त्याला लागल्यावर मी मागच्या सीटवरून अगदी गोड आवाजात म्हटलं, "बाबा, तो हलता दगड पण दाखवा ना आम्हाला. तुम्ही सांगितला होतात तो." बाबांनी कधीच कुठला हलता दगड सांगितला नव्हता.

बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. एक गिअर बदलला. "तो आता बंद आहे."

"दगड बंद?"

"दुरुस्तीला घेतलाय."

मिलिंदने तोंडात रुमाल कोंबला. मग आम्हाला चेवच आला. सोन्याच्या चोचीचा बगळा विचारला, तो पावसाळ्यातच येतो असं कळलं. उलटी वाहणारी विहीर विचारली. विहीर वाहतच नाही हे बाबांच्या लक्षात यायला दोन मैल लागले, पण तोवर ती विहीर त्यांनी आम्हाला रुंदी-खोलीसकट सांगून टाकली होती. मी पोट धरून हसत होते. आज लिहिताना मला त्या हसण्याची लाज वाटायला हवी, पण खरं सांगते, अजूनही हसूच येतंय. दुरुस्तीला घेतलेला दगड! माझ्या नातवाला मी हे सांगते तेव्हा तो मोबाइलवर तो दगड शोधायला लागतो.

होन्नावर ओलांडून गुहेच्या पायथ्याशी गाडी थांबली तोपर्यंत दुपार झाली होती. झाडाखाली एक शहाळेवाली बसली होती. ती बाबांना बघून लांबूनच हसली आणि कोयत्याने शहाळं तासता तासता मोडक्या हिंदीत मोठ्याने म्हणाली, "आज फॅमिली लाया? तो आज तू भी ऊपर जाएगा? इतना साल आता है, साब लोग ऊपर, तू गाडी में सोता. एक दिन भी नहीं गया!"

आजूबाजूला आणखी दोन गाड्यांतली माणसं शहाळी पीत उभी होती. मिलिंद खदाखदा हसला. मला गप्प बसता आलं असतं. पण समासातलं ते लाल प्रश्नचिन्ह माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही आम्हाला नुसत्या थापा मारल्या?"

बाबांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि गाडीची पुढची काच पुसायला घेतली. काच स्वच्छच होती. ते पुसतच राहिले. शहाळेवालीचा कोयता थांबला. तिला मराठी येत नव्हतं, पण आपल्या बोलण्याने काहीतरी झालं एवढं तिला कळलं होतं. ती मिलिंदच्या हातात शहाळं देऊन दुसरीकडे बघत बसली.

त्या दिवशी गुहेत कोणीच गेलं नाही. आई मला आणि मिलिंदला घेऊन थोडी लांब, एका दगडावर जाऊन बसली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. तिने थेपल्यांचा डबा उघडला आणि म्हणाली, "मला पहिल्या खेपेपासून माहीत आहे."

"काय?"

"यांनी काही बघितलेलं नाही ते. मी विचारलं होतं, तोफ केवढी असते हो? म्हणाले, आपल्या दाराएवढी. मी म्हटलं, दाराच्या उंचीएवढी की रुंदीएवढी? तर भाकरी मोडत बसले. तेव्हाच ओळखलं."

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"तुम्ही दोघं जेवत होतात," आई म्हणाली. "तुला पिठी घशाखाली उतरायची नाही. तोफा आल्या की दोन भाकऱ्या जायच्या." मग तिने थेपल्याचा तुकडा मोडला, तो खाल्ला नाही, हातातच धरून ठेवला. "गाडी सोडून हलायचं नाही असा हुकूम असतो गं त्यांना. मागे बसलेली माणसं बघून येतात, आपसात इंग्रजीत, कानडीत बोलतात. हे पुढे बसून ऐकतात. जे कळेल ते धरून ठेवतात, आठ दिवस, आणि तुम्हाला आणून देतात. आता जा आणि हात धुऊन ये."

मी हात धुतले. डोळेही धुतले. आम्ही पुन्हा गाडीत बसलो. बाबा नेहमीपेक्षा सावकाश गाडी चालवत होते. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी असा रस्त्याचा एक तुकडा आला. बाबांनी आजवर तो आम्हाला कधीच सांगितला नव्हता, कारण तो त्यांनी खरोखर पाहिला होता आणि त्यात सांगण्यासारखं काय, असं त्यांना वाटत असावं. मी "बाबा, बघा ना" म्हटलं. ते नुसतं "हूं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माल्प्याच्या धक्क्यावर. मासळीचा वास, होड्यांची घरघर, आणि लांब पाण्यात बेटाची काळी रेघ. होडी जाऊन यायला दोन-अडीच तास लागणार होते. काचसामानाच्या पेट्या डिकीत होत्या. बाबांनी गाडी भिंतीच्या सावलीत लावली, सीट मागे केली, उशाला टॉवेल घेतला आणि म्हणाले, "जाऊन या तुम्ही. मी आहे गाडीत." त्या तिन्ही शब्दांना इतकी सवय झालेली होती की ते आपोआप आले.

मी त्यांच्या दाराशी गेले आणि हात पुढे केला. "किल्ली द्या."

"कशाला?"

"गाडीत मी बसणार. तुम्ही जा."

"वेडी आहेस का? तुला काय येतं गाडीतलं?"

"हॉर्न वाजवता येतो. कोणी डिकीला हात लावला की वाजवीन."

"कुंदे, हट्ट करू नकोस. तू लहान आहेस. बेट तू बघायचं."

"मला बोट लागते," मी म्हणाले. मी जन्मात बोटीत पाय ठेवला नव्हता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. थाप ओळखण्यात त्यांच्याइतका मुरलेला माणूस दुसरा नव्हता. मी मग शाळेत पाहुणे आल्यावर उभे राहतो तशी ताठ उभी राहिले, गाडीचं दार त्यांच्यासाठी पूर्ण उघडून धरलं आणि म्हटलं, "साहेब, आपण आरामात जाऊन या. मी गाडी सोडून हलणार नाही."

आदल्या दुपारपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते खाली उतरले. खिशातून कंगवा काढून साइडच्या आरशात केस विंचरले, शर्ट खोचला आणि आई-मिलिंदच्या मागून होडीकडे चालायला लागले. तीन वेळा मागे वळून गाडीकडे बघितलं. तिन्ही वेळा मी सलाम ठोकला.

गाडीत भट्टीसारखं तापलं होतं. थोड्या वेळाने दोन ड्रायव्हर जवळ आले, एक उडुपीचा, एक हुबळीचा. ड्रायव्हरच्या सीटवर दोन वेण्यांची मुलगी बघून आधी हसले, मग उडुपीवाल्याने कागदातले गरम बन्स माझ्यापुढे धरले. बेटावर काय आहे, यावर त्यांचा वाद चालला होता. हुबळीवाला म्हणत होता, तिथे जुनं देऊळ बुडालंय, त्याचा कळस दिसतो. उडुपीवाला म्हणत होता, कळस नाही, गोऱ्या लोकांच्या कबरी आहेत. दोघांपैकी एकही बेटावर गेलेला नव्हता.

"तुम को मालूम है?" उडुपीवाल्याने मला विचारलं.

तोंडात बन होता. तो गिळायला जेवढा वेळ लागला तेवढाच मी विचार केला. "नमक का खंबा है," मी म्हणाले. "आदमी से भी ऊंचा."

"नमक पानी में कैसे खडा रहेगा?"

"पुराना नमक है," मी म्हणाले. "भूल गया पिघलना."

दोघेही समुद्राकडे बघायला लागले. त्यांच्या डोळ्यांत ते खांब उभे राहिलेले मला दिसले. काय सांगू, इतकं बरं वाटलं मला! शाळेत पहिला नंबर आल्यावरही तसं वाटलं नव्हतं. बाबा आठ-आठ दिवस पुढच्या सीटवर बसून काय जमवत असत, हे मला तेव्हा कळलं.

होडी परत आली. आईच्या साडीचा काठ भिजलेला, मिलिंदचे खिसे शिंपल्यांनी भरलेले आणि बाबांची पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली. एवढा विस्कटलेला माणूस मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी आधी डिकी तपासली, मग माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"काय बघितलंत?" मी विचारलं.

"दगड आहेत गं," ते हळूच म्हणाले. "काळे दगड. सहा-सहा कोनांचे, कोणी तासून शेजारी शेजारी उभे केल्यासारखे. एवढे सारखे, की हात लावून बघत राहावंसं वाटतं. बेसॉल्ट म्हणतात त्याला. मी ते सॉल्ट ऐकलं होतं."

"म्हणजे मीठ नाही?"

"चाटून बघितला त्यांनी," आई म्हणाली. "सगळ्या लोकांसमोर. मी लांब जाऊन उभी राहिले."

"मग?"

उडुपीवाला आणि हुबळीवाला कान देऊन उभे होते. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मी काय सांगून बसलेय ते त्यांना तिथल्या तिथे कळलं.

"खारट," बाबा त्या दोघांना हिंदीत म्हणाले. "एकदम खारा."

मंगळूरला साहेबांच्या घरी गाडी पोचली. पेट्या उतरल्या, एकही बशी फुटली नव्हती. बाबांनी स्टिअरिंग एकदा फडक्याने पुसलं आणि किल्ली दिली. साहेबांनी आम्हाला चहा दिला आणि काय काय बघितलं ते विचारलं. बाबा बेटाबद्दल बोलायला लागले, ते दगड, ते कोन, पाणी आत शिरताना होणारा आवाज. साहेब खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "भिकाजी, मी कधी गेलोच नाही रे तिकडे. मला बोट सोसत नाही. पाहुणे जाऊन यायचे, मी धक्क्यावर हॉटेलात बसायचो." बाबांनी कप खाली ठेवला. ते हसले नाहीत, पण बाहेर पडल्यावर फाटकापाशी येईपर्यंत त्यांचे खांदे हलत होते.

परतीचा प्रवास बसने. बाबा माझ्या शेजारी खिडकीत बसले होते. पहिला तासभर वळण आलं की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. मग तो पाय शांत झाला आणि ते बाहेर बघायला लागले. भटकळ सोडल्यावर एका लहानशा हॉटेलापाशी बस चहासाठी दहा मिनिटं थांबली. बघण्यासारखं काही नव्हतं. माणसं चहा प्यायला लागली, ड्रायव्हर टायरला टेकून उभा राहिला. बाबा आम्हाला म्हणाले, "चला."

"कुठे? काय आहे इथे?" आई म्हणाली.

"माहीत नाही. बघू."

हॉटेलच्या मागून एक पाऊलवाट जात होती. बांबूच्या कुंपणाच्या पलीकडे एक प्रचंड झाड होतं आणि त्याला मोठमोठी काळपट पानं लटकलीत, असं आधी वाटलं. मग एक पान हललं, अंग पसरलं आणि पुन्हा मिटलं. सगळं झाड वटवाघळांनी लगडलेलं होतं. शेकडो, मांजराएवढी, तांबूस मानेची, भर दुपारी उलटी टांगून झोपलेली. मधूनच एखादं शेजाऱ्यावर खेकसायचं आणि पुन्हा डोळे मिटायचं. मिलिंदने माझा हात घट्ट धरला. आम्ही चौघं तोंड वर करून उभे राहिलो. बसचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"अहो, बस जाईल," आई म्हणाली.

आम्ही धावत परत आलो. ड्रायव्हर चिडून सीटवर बसला होता. बाबा थेट त्याच्या खिडकीशी गेले. "आप ने देखा है पीछे का पेड?" त्याने नाही म्हणून मान हलवली. किती वर्षं या रस्त्यावर आहात, बाबांनी विचारलं. त्याने दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली, मग आणखी दोन. बाबांनी दार उघडलं. "जाओ. देख के आओ. गाडी मैं देखता हूं." तो माणूस आमच्या बाबांकडे आणि हॉटेलाकडे आळीपाळीने बघत राहिला, मग उतरला आणि मान खाली घालून पाऊलवाटेने झपाझप निघून गेला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. लोक खिडक्यांतून ओरडायला लागले. कंडक्टर हॉटेलात जाऊन आला, बसभोवती फिरून आला आणि शेवटी दरडावून म्हणाला, "ड्रायव्हर किधर गया?"

बाबा बसच्या पुढच्या चाकापाशी पाठीमागे हात बांधून उभे होते.

"आएगा," ते म्हणाले. "देखने गया है."